डीएपीच्या पोत्यातला कॅडमियम

भावा, उसाची पहिलीच लागण म्हणून एकरी चार पोती डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, टाकणार म्हणतोस. थांब जरा. स्फुरदाची खतं खडकातून येतात आणि त्या खडकात कॅडमियम हा विषारी धातू असतो. कुठल्या खाणीचा खडक, त्यावर कमी-जास्त. युरोपात 2022 पासून किलोभर स्फुरदामागे 60 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद, म्हणजे त्या मर्यादेतही पोत्यामागे सव्वा ग्रॅमहून जास्त कॅडमियम रानात जाऊ शकतो. एका वर्षात काही बिघडत नाही, पण तो युरियासारखा उडून जात नाही, साठतच राहतो.

तुझं रान राधानगरीकडचं, तांबडं, आम्लधर्मी. तिथं पीक तो जास्त ओढतं. शिरोळच्या काळ्या रानात तुलनेनं कमी. उसापेक्षा बांधावरच्या पालक-मेथीची काळजी कर, पालेभाजी तो पानात साठवते.

आधी माती तपास. साध्या तपासणीत सामू (पीएच) आणि स्फुरद कळतो, कॅडमियम वेगळा सांगून बघावा लागतो. स्फुरद भरपूर निघाला तर पोती निम्म्यावर आण. पाचट जाळू नकोस, कुजव. सामू फार खाली, म्हणजे माती फार आम्ल असेल तर चुना टाक. दुकानदाराला मात्र विचारू नकोस, तो पाचवं पोतं सांगेल!