बोट लागणाऱ्यांनी खोली कुठली घ्यावी?

मागच्या अंकातल्या पर्यटनाच्या पानांनंतर समुद्रावरच्या क्रूझविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्हा दोघांना भेरूघाटातसुद्धा गाडी लागते. मुलगा सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करू म्हणतो. एजंट वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची खोली सुचवतो. ती महागही आहे. घ्यावी का? — एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : घेऊ नका. बोट लागणाऱ्यांसाठी ती सगळ्यात वाईट जागा.

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे पुढचं टोक वर आणि मागचं खाली, मग उलट. यात मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो आणि टोकं उचलून आपटतात. खंडव्याच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसणाऱ्याला खड्डा जसा जास्त लागतो, तसंच. दुसरं हलणं डावं-उजवं. ते जितकं वर जाल तितकं वाढतं. आजच्या मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते डावं-उजवं डोलणं पुष्कळ कमी करतात, पण पुढच्या-मागच्या उचलण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून ‘जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, कुठेही झोपा’ हे एजंटचं वाक्य अर्धंच खरं.

तेव्हा खोली लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर घ्या. खोलीचे आकडे बहुतेक जहाजांवर असे असतात : पहिला एक किंवा दोन अंक डेकचा, म्हणजे मजल्याचा, उरलेले पुढच्या टोकापासून मागे वाढत जाणारे. म्हणजे ८०१२ ही आठव्या डेकवर अगदी पुढे असण्याचीच शक्यता जास्त. तरी आकड्यावर भिस्त ठेवू नका. कंपनीच्या वेबसाइटवर जहाजाचा डेक प्लॅन असतो, त्यात आपली खोली बोट ठेवून शोधा.

मग तोच प्लॅन एक मजला वर आणि एक मजला खाली पाहा. हे काम कुणी करत नाही, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढण्याचा आणि ट्रॉल्यांचा आवाज येतो. पायाखाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. इंदूरच्या रात्री गजबजणाऱ्या सराफ्यावर घर असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अगदी खालच्या डेकवर पुढच्या टोकाला नांगराची साखळी आणि धक्क्याला लागताना फिरणारे आडवे पंखे, म्हणजे थ्रस्टर. बंदर पहाटेचं असेल तर झोप गेलीच. मागच्या टोकाला खाली इंजिनाचा कंप. लिफ्टच्या अगदी समोरची खोली गजबजलेली, पण चार दारं पलीकडची सोयीची. थोडक्यात, वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही बाजूंना खोल्या, अशी सँडविचमधल्या काकडीसारखी जागा शोधा. तिला जास्त पैसे पडतातच असं नाही.

औषधाचं म्हणाल तर अ‍ॅव्होमिन किंवा स्टुजेरॉन आपल्याकडे सहज मिळतं, पण दोन्हींनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर अ‍ॅव्होमिन चालेलच असं नाही. डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. आलेपाक जवळ ठेवा. त्रास झाला तर खोलीत पडून राहू नका, उघड्या डेकवर मधोमध उभं राहून क्षितिजाकडे पाहा.

प्रश्न : मुंबई–गोवा–लक्षद्वीपसाठी बाल्कनीची खोली घ्यावी, की बिनखिडकीची स्वस्त? — एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : या छोट्या फेरीला बाल्कनीचे पैसे आम्ही घालणार नाही. दिवसा तुम्ही वरच्या डेकवर, नाहीतर जेवणाच्या रांगेत असता. शिवाय जुन्या जहाजांवर बाल्कन्याच मोजक्या. मुंबईहून फेऱ्या केलेलं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज १९९० सालचं. त्या काळी बाल्कनी ही चैन होती.

बिनखिडकीची खोली साधारण १५० ते १८० चौरस फुटांची, म्हणजे दोन पलंग सरकवले की चालायला एक वाट. तिची खरी अडचण अंधाराची : दिवा घालवला की सकाळ कळतच नाही. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं करा, किंवा टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असेल तर आवाज बंद करून लावून ठेवा. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी मात्र खिडकीचे पैसे द्यावेत. खिडकी घेताना ‘ऑब्स्ट्रक्टेड’ हा शब्द वाचा. तिथे बाहेर समुद्राऐवजी लाइफबोटीचा नारिंगी पत्रा दिसतो.

बाल्कनी खरी वसूल होते ती अलास्का किंवा नॉर्वेसारख्या ठिकाणी, जिथे दिवसभर किनारा सरकत असतो.

लक्षद्वीपला उतरायला परवाना लागतो. तो कंपनीच काढते, पण कागद तुम्ही वेळेवर दिले तर. ओळखपत्र मूळ प्रत हवी, मुलांचंही. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून न्यावं लागतं. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं. आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावर जायचा हट्ट धरू नका. ऑक्टोबर ते मे हाच मोसम.

प्रश्न : आम्ही आठ जण, तीन कुटुंबं. ‘गॅरंटी केबिन’ बरीच स्वस्त मिळते आहे. फसवणूक तर नाही? — एक वाचक, सुदामानगर

उत्तर : फसवणूक नाही. गॅरंटी आहे ती प्रकाराची, जागेची नाही. बाल्कनी म्हटलं तर बाल्कनी मिळेल. कुठे, ते कंपनी निघायच्या थोडं आधी ठरवते, आणि इतरांनी नाकारलेल्या खोल्याच तिथे उरतात. दोन धडधाकट माणसांना हा सौदा चांगला. आठ जणांना नाही. तिन्ही खोल्या तीन डेकवर गेल्या की आजोबांची औषधाची पिशवी घेऊन दिवसभर लिफ्टच्या वाऱ्या.

खोल्या निवडूनच घ्या, आणि बुकिंग एकमेकांशी जोडायला सांगा, म्हणजे जेवणाचं टेबल एकत्र मिळतं. मध्ये दार असलेल्या ‘कनेक्टिंग’ खोल्या नातवंडांसाठी उत्तम. मात्र पलीकडे अनोळखी लोक असतील तर त्याच दारातून त्यांचं घोरणं ऐकू येतं. तिसरा-चौथा माणूस एकाच खोलीत घालाल तर त्यांचे पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडतात, शिडी चढून जायचे. ते मुलांनाच द्या. खोली रिकामी दिसत असूनही ‘चार जणांना मिळणार नाही’ असं उत्तर आलं तर चकित होऊ नका. त्या भागाच्या लाइफबोटीची माणसं भरलेली असतात.

जाहिरातीतला दर एका माणसाचा, तोही खोलीत दोघं धरून. एकटा माणूस गेला तर बहुतेकदा जवळजवळ दोघांचे पैसे. वर बंदराचे कर आणि रोजची टीप; परदेशी जहाजांवर ती माणशी रोज १५ ते २० डॉलरच्या आसपास जाते. चार जणांची आठवडाभराची बेरीज करून पाहा, मग स्वस्त-महाग ठरवा.

प्रश्न : मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी पाचला जहाज आहे. त्याच दिवशी सकाळच्या विमानाने निघालो तर? — एक वाचिका, पलासिया

उत्तर : पाच विसरा. तुमची वेळ साडेतीनची, किंवा तिकिटावर चेक-इन बंद व्हायची जी वेळ असेल ती. ती साधारण सुटण्याच्या तास-दीड तास आधी असते. प्रवाशांची यादी एकदा बंद झाली की धक्क्यावर उभं राहून हात हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. सुटण्याआधी प्रत्येकाला संकटात जमण्याची आपली जागा दाखवायची कवायतही असते. २०१२ साली इटलीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची ती झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. ती चुकवता येत नाही.

सकाळच्या विमानात धोका इंदूरच्या हवेचा कमी आणि दिल्लीच्या धुक्याचा जास्त. डिसेंबर-जानेवारीत तिकडून येणारं विमानच अडकतं आणि इंदूरला निरभ्र उन्हात तुम्ही बसून राहता. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस बरी. ती पहाटे मुंबई सेंट्रलला पोचते, गाडी चार तास रखडली तरी हातात वेळ उरतो. आदल्या दिवशीच जाऊन फोर्टमध्ये मुक्काम केलात तर उत्तमच. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर चिठ्ठी लावून द्याव्या लागतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत येतात. औषधं, ओळखपत्र, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून देणारे दर फेरीला निघतात. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी उतरायचे कपडे आणि चपला आत ठेवा. हसू नका, गाऊनवर उतरायची वेळ येते.

परतीला सकाळचं विमान नको. सगळे उतरेपर्यंत दहा वाजतात. दुपारी एकच्या पुढचं विमान, नाहीतर संध्याकाळची अवंतिका.

प्रश्न : सिंगापूरहून जाणाऱ्यांनी वेगळं काय पाहावं? — एक वाचक, महू

उत्तर : तीन गोष्टी. तिथे क्रूझची टर्मिनल दोन आहेत : मरीना बे क्रूझ सेंटर, जवळचं मेट्रो स्टेशन मरीना साउथ पिअर, आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ सांगू नका.

दुसरी, जहाज मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा. व्हिसावर अनेक प्रवेशांची मुभा आहे ना, हे हातात पडताच वाचा. तिथलं अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट, परतताना पुन्हा. पैसे मागणारी वेबसाइट खरी नव्हे.

तिसरी, घड्याळ. थायलंडमधलं फुकेत सिंगापूरहून एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरलात की मोबाइल आपोआप चार दाखवतो, तेव्हा जहाजाचं घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर ठेवलेलं असेल तर तिथे पाच वाजलेले असतात. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं; तुम्ही ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाच्या नेटवर्कला आपसूक जोडला जातो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

प्रश्न : मुलगी सिएटलला आहे. आम्हा दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. सिएटल–अलास्का–सिएटल, म्हणजे सगळं अमेरिकेतच. आणखी काही लागेल? — एक वाचक, विजयनगर

उत्तर : कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि नेमका इथेच घात होतो. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे : परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन परदेशाला न शिवता अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरवायचे नाहीत. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली असतात. म्हणून सिएटलहून निघालेलं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतंच, पुष्कळदा शेवटच्या संध्याकाळी. ‘आम्ही उतरणार नाही, आतच बसू’ म्हणून भागत नाही. कंपनी सिएटललाच चढताना व्हिसा पाहते. अमेरिकेला निघण्याआधी इथूनच अर्ज करा. पासपोर्ट शिक्क्यासाठी द्यावा लागतो, त्या काळात तो हाताशी नसतो, हे धरून महिने मोजा.

प्रश्न : आईंना व्हीलचेअर लागते. — एक वाचिका, देवास

उत्तर : साध्या खोलीच्या बाथरूमचं दार जेमतेम दोन फूट असतं आणि उंबरठाही असतो, व्हीलचेअर आत जात नाही. ‘अ‍ॅक्सेसिबल’ खोली मागा. त्या प्रत्येक जहाजावर मोजक्या, लवकर संपतात. मग मार्गातली ‘टेंडर’ बंदरं विचारा, जिथे जहाज लांब उभं राहून होडीने नेतात. लाटा असतील तर व्हीलचेअर होडीत घेत नाहीत. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाला तर होडीनंतर केबल कार, नाहीतर साडेपाचशेहून अधिक पायऱ्या. प्रवासविमा ‘क्रूझ’ हा शब्द असलेलाच घ्या, आणि त्यात जुनी दुखणी लपवू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आपल्यालाच भरावं लागतं आणि हेलिकॉप्टरचं त्याहून कितीतरी मोठं.

प्रश्न : पाणी तापवायचा रॉड, छोटी इस्त्री आणि उसळीचा डबा न्यायला परवानगी असते का? — एक वाचिका, राजवाडा

उत्तर : रॉड, इस्त्री, किटली जप्त होतात. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा वाढलेला दाब अडवणारा भाग, असलेला एक्स्टेन्शन बोर्डही नको. जहाजावरचं अर्थिंग घरच्यासारखं नसतं, त्यामुळे तोच तापून पेटू शकतो. आपली जाड तीन पिनांची प्लग बहुतेक ठिकाणी बसत नाही. अ‍ॅडॉप्टर आणि अनेक तोंडांचा यूएसबी चार्जर न्या. भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे चार हुक नेलेत तर ओले टॉवेल टांगता येतात. घरची उसळ नाही. कंपनीचं सील असलेली शेव-चिवड्याची पाकिटं बहुतेक चालतात, पण परदेशी बंदरावर उतरताना खोलीतच ठेवा. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगबरोबरच लेखी कळवा, चढल्यावर नव्हे.