चार घरांच्या बेटासाठी सरकारने रोपवेला पैसे द्यावेत का?

तुम्ही विचारलंय, आयर्लंडमधल्या डर्सी बेटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं राहतात, तरी तिथल्या केबल कारवर सरकार पैसा ओततं, ही करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी नाही का? 'करदात्यांचा पैसा' वाचलं आणि राहवलं नाही. हे शब्द मी आमच्या भावजींच्या तोंडून गेली सहा वर्षं ऐकतोय.

आधी डर्सीचं. ती केबल कार १९६९ ची आहे. एका वेळी सहा माणसं बसतात. पूर्वी माणसांऐवजी एक गाय नाहीतर मेंढ्याही न्यायचे. खालच्या खाडीला ओढ इतकी की होडीचा भरवसा नाही. बेटावर दुकान नाही. म्हणजे मीठ संपलं तरी तारेवरून यायचं. तिथे ती कार हाच रस्ता आहे, आणि रस्त्यावरून रोज किती माणसं जातात हे मोजून कुणी रस्ता बांधत नाही.

आता आमचं. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आईचा ओंकारेश्वरला अभिषेकाचा नवस होता. बाबा गेले, तिचे गुडघे गेले, नवस तसाच. शेवटी ती अठ्ठ्याहत्तरची असताना ताई, भावजी, मी आणि आई असे निघालो. सिमरोलचा घाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सगळं ठीक. पूर्वी मीटर गेजने जायचो तेव्हा कालाकुंडला द्रोणातला कलाकंद मिळायचा, त्याच्या गोष्टी सांगत आई मजेत होती.

मांधाता बेट नर्मदेच्या मधोमध. ममलेश्वर अलीकडच्या काठावर, ओंकारेश्वर पलीकडे बेटावर. घाट उतरून नावेने जायचं ठरलं होतं. तेवढ्यात वरच्या धरणाचा भोंगा झाला. पाणी सोडणार म्हणून नावा बंद. राहिले पूल. झुला पुलावर सोमवारची गर्दी. आई निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. दोन्ही हातांनी कठडा धरला. मागून लोक "माताजी, चलिये, चलिये" करतायत, पूल पायाखाली हलतोय, आणि ती एकच म्हणतेय, "मला बसायचंय." बसायला जागा कुठली?

भावजी पुढे निघून गेले होते. मी परत जाऊन एका चहावाल्याची लाल प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. तिच्या एका पायाला तार गुंडाळलेली होती. नावा बंद म्हणून रिकामे बसलेले दोन नाववाले तयार झाले. पाचशे रुपये. त्यांनी आईला खुर्चीसकट उचललं आणि गर्दीतून थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. लोक बाजूला होत होते, दोघा-चौघांनी हातही जोडले. आईने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. परत गाडीत बसल्यावर म्हणाली, "तिरडीवर नेतात तसं नेलंत मला."

त्यानंतर ती बेटावर कधी गेली नाही. ममलेश्वराचं दर्शन घ्यायचं, काठावरून पलीकडे हात जोडायचे, की झालं. भावजी म्हणतात, "ममलेश्वरही ज्योतिर्लिंगच, पुण्य तेवढंच. दोन-दोन पूल असताना तिसरी सोय कशाला? करदात्यांचा पैसा आहे." उभी हयात पुलांच्या कामांत गेली त्यांची, त्यांना पूल दिसतो. पुलावर उभं राहिलेलं माणूस दिसत नाही.

तर द्यावेत पैसे. आपल्याकडेही देतातच. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला योजना आली. तिच्यात सरकार आणि खासगी कंपनी मिळून करतात त्या करारात रोपवेच्या बांधकामाचा ६० टक्के भार सरकार उचलतं, महामार्गाच्या तशाच करारात ४० टक्के. उज्जैनला स्टेशनपासून महाकालापर्यंतचा पावणेदोन किलोमीटरचा रोपवे याच योजनेतला. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण तिथे गर्दी आहे. माझ्या मते हिशेब उलटा हवा. जिथे दुसरी वाट नाही तिथे आधी.

पण फीत कापण्यापुरते पैसे देऊ नका. डर्सीची कार एप्रिल २०२२ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली ती जून २०२३ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात तिथल्या शेतकऱ्यांनी काय करायचं? त्याच एप्रिलच्या १० तारखेला, रामनवमीला, झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर रोपवेचा अपघात झाला. चाळीस तासांहून जास्त वेळ माणसं अधांतरी लटकली होती, हेलिकॉप्टरने काढावी लागली, तिघं गेली. दोर, कप्प्या, ब्रेक यांची तपासणी आणि बदल यांचा खर्च दरवर्षीचा असतो. तो पहिल्याच मंजुरीत धरला नसेल तर अजिबात देऊ नका, त्यापेक्षा नाव बरी.

आणि हो, खरं सांगायचं तर ओंकारेश्वरला रोपवेच पाहिजे असं माझंही म्हणणं नाही. काठावर एखादी लिफ्ट आणि पुलावर दर पन्नास पावलांवर बसायला कट्टा, एवढ्याने आईचं काम झालं असतं. हे भावजींसमोर मी कधी कबूल केलेलं नाही.

भावजी इथली उत्तरं वाचतात, मला माहीत आहे. भावजी, ते पाचशे रुपये तुम्ही दिले असं तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता. तुम्ही तेव्हा प्रसादाच्या रांगेत होतात. मी दिले. खुर्चीचे वीस वेगळे. ताईला विचारा.