दोरी जमिनीपर्यंत येऊ दे

डिचोली

प्रिय बाये,

आजी पडली तर लगेच कळावं म्हणून तू काढलेली रेखाटनं पाहिली. मनगटी पट्टा, त्यात हालचाल आणि झटका मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर, पडल्याबरोबर मोबाईलवर निरोप, वर जीपीएस. मेहनत दिसते. पण जीपीएस आधी काढून टाक. आजी पडलीच तर न्हाणीत नाहीतर पलंगाजवळ. ती कुठे असते हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. शिवाय चिऱ्याच्या जाड भिंतींआड उपग्रहाचा सिग्नल मिळायची मारामार. ते पैसे बॅटरीत घाल. पावसाळ्यातली आपली वीज तुला नव्याने सांगायला नको.

आता माझी चूक सांगतो. मावशीला संधिवात, वॉकर धरून चालायची. तिच्या न्हाणीत मी घंटीचं बटण बसवलं, दिव्याच्या बटणाच्या रांगेत, ४ फुटांवर. लेव्हल लावून, अगदी सरळ. एका पहाटे ती ओल्या लादीवर घसरली. बटण डोळ्यांसमोर, हात काही पोचेना. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकू आला तेव्हा तिने जीव खाऊन हाक मारली. तोवर दोन तास गेले होते. हाड शाबूत होतं. पण म्हातारं माणूस एका कुशीवर तसंच पडून राहिलं की कातडी दबून जखमा होतात, दबलेले स्नायू आतून फुटून त्याचा मार मूत्रपिंडांना बसतो. लोक फक्त पडण्याला भितात.

मग छतापासून लाल दोरी सोडली. तिला दोन कडी: एक मीटरभर उंचीवर, दुसरं जमिनीपासून १० सेंटिमीटरवर. ब्रिटनमधल्या अपंगांच्या शौचालयांत अशीच असते. मावशी म्हणाली, "भिंतीला बांगड्या कधी भरल्यास रे?" केर काढणारी बाई मात्र दोरी रोज गुंडाळून खिळ्याला अडकवायची. शेवटी खिळाच उपटला.

घंटी शेजारच्या घरात वाजते, आणि एकदा ओढली की वाजतच राहते. बंद करायचं बटण न्हाणीतच आहे, म्हणजे कुणाला तरी आत यावंच लागतं. खाली एक छोटा दिवा लागतो. हाक गेली हे पडलेल्या माणसाला कळायला हवं, नाहीतर ते जिवाच्या आकांताने ओढतच बसतं. सगळं १२ व्होल्टवर. ओल्या जागी घरची वीज नको म्हणजे नको.

पट्टा टाकून दे असं म्हणत नाही. पण अंघोळीला तो खुंटीवर जातो. आणि तुझा हिशोब असा की पडताना सेन्सर १ जीवरून (स्थिर असताना दिसणारा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) शून्याकडे येईल, मग आदळल्याचा झटका दिसेल. तरणं माणूस तसं पडतं. आजी भिंत धरून, कण्हत, हळूहळू खाली सरकते. शून्य येतच नाही. उलट बाकावर धपकन बसली की झटका दिसतो. चार वेळा खोटी घंटी वाजली की पट्टा कपाटात गेला म्हणून समज.

निरोपही पर्वरीच्या मामाला आधी नको. आधी शेजारीण, मग १०८, मग मामा.

रविवारी ये. त्याआधी आजीच्या न्हाणीत उजव्या कुशीवर आडवी हो, डावा हात जाईल तिथवर खडूने खूण कर, टेपने मोजून आण. आणि पट्ट्याचा चार्जर कुठल्या सॉकेटला लावायचा ते आजीलाच विचार. बहुतेक तिथे तिचा मिक्सर असतो.

तुझा,
काका