पाहुण्यांपासून टँकर लपवू नका

प्रश्न : ताई, मी तेरला (जि. धाराशिव) शिक्षक आहे. शैक्षणिक देवाणघेवाणीतून इटलीचं एक शिक्षक जोडपं जानेवारीत चार दिवस आमच्या घरी राहणार आहे. गावानं वेशीपासून मिरवणूक, फेटे, लेझीम आणि दोन तास भाषणं ठरवलीत. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. हे त्यांना दिसू नये असं सगळे म्हणतात. माझं इंग्रजी बेताचंच. काय करावं? पोलिसांत कळवावं लागतं का?
– एक वाचक

उत्तर : गुरुजी, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथं हयगय चालत नाही. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरावी लागते (पूर्वीपासून याला ‘फॉर्म सी’ म्हणतात). हॉटेलला आहे तसा हा नियम घरालाही आहे. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि फोटो आधीच मागवून ठेवा.

आता पाण्याचं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला आमच्याकडं नेदरलँड्सच्या एक बाई राहिल्या होत्या. त्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. बाईंना यातलं काही कळू नये म्हणून मी शेजारच्या तीन घरांतून घागरी मागून त्यांच्या न्हाणीतलं पिंप भरलं. त्यांनी मनसोक्त अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी पहाटे टँकरचा हॉर्न वाजला, गल्ली धावली, आणि त्या खिडकीतून बघत होत्या. कालचं पाणी कुणाच्या घरचं होतं हे कळल्यावर त्या रडवेल्या झाल्या. “मला सांगायचं होतंत, मी दोन तांब्यांत भागवलं असतं,” म्हणाल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं. त्यांची सोय करता करता मी त्यांना परकं ठेवलं होतं.

त्यानंतर मात्र त्या रोज रांगेत घागर घेऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी ओट्यावर बायका जमायच्या. बाई सांगायच्या, त्यांच्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. पाणी उपसून बाहेर काढत राहावं लागतं, आणि त्यासाठीच्या मंडळांवर लोक मतदानानं माणसं निवडून देतात. शेजारच्या काकूंनी भाचीकरवी विचारलं, “मग तुमच्यात पाण्यावरून भांडणं नसतील?” बाई म्हणाल्या, “असतात की! चरात पाणी किती ठेवायचं, यावरून.” शेतकऱ्याला पातळी कमी हवी असते, पाणथळ जागा राखणाऱ्यांना जास्त. मग सगळ्याच बोलायला लागल्या, भाची दमून गेली. दोन देशांतल्या माणसांची ओळख अशीच होते, असं माझं ठाम मत आहे. सत्काराच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणी खरा प्रश्न विचारत नाही.

म्हणून मिरवणूक रद्द करायला सांगा. गावाचं मन मोडत असेल तर शेवटच्या दिवशी तासभर लेझीम ठेवा आणि पाहुण्यांनाही खेळायला घ्या. भाषणं नकोत.

इंग्रजीची काळजी सोडा, ती त्यांचीही मातृभाषा नाही. गावातली कॉलेजची एक-दोन पोरं मदतीला घ्या.

आणि गुरुजी, तुमच्याकडं तर केवढा धागा आहे! तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात या गावाचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराला जायचं. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत मिळाली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाहुण्यांना पुढाऱ्यांनी नव्हे, तुमच्या सातवीच्या मुलांनी न्यावं. मुलांना आधी दहा प्रश्न लिहून काढायला लावा, आणि पाहुण्यांनाही मुलांसाठी प्रश्न आणायला आत्ताच कळवा.

बाकी घरचं : संडास कसा आहे ते आधी सांगा, पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं द्या, तिखट वेगळं वाढा. धपाटे-दही बहुतेकांना आवडतं. जानेवारीत हुरडा असेलच. शेतात न्या, कणसं त्यांनाच चोळू द्या.