एकसर जोडणीत दुसऱ्या बल्बला कमी करंट मिळतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एकसर जोडणीत (एकाच वाटेवर, एकामागून एक) पहिला बल्ब करंट 'वापरतो' आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो का? आणि समांतर जोडणीत आणखी एक रोध लावला की एकूण रोध उलट कमी कसा होतो?

पहिल्याचं उत्तर: नाही. करंट खर्च होत नाही, खर्च होते ऊर्जा. खरं तर इथेच थांबायला हवं, पण या विषयावरून माझा एक जुना हिशोब बाकी आहे.

दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या तोंडीला सरांनी विचारलं, "१०० वॅटचा आणि ४० वॅटचा बल्ब एकसर जोडून २३० व्होल्टवर लावले, तर कुठला जास्त पेटेल?" मी म्हटलं, ४० चा. सर हसले. "अरे, वॅट जास्त तर उजेड जास्त, एवढंही येत नाही?" मागे रांगेत उभी असलेली पोरंही हसली. दोन गुण गेले.

दोन दिवसांनी मी दादाकडून बोर्ड करून घेतला आणि शाळेत नेला. लाकडी फळी, दोन होल्डर, एक कळ. कळ दाबली. ४० चा बऱ्यापैकी उजळला. १०० च्या बल्बात नुसता विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस रंग, इतका मंद की तारेकडे डोळे न मिचकावता बघता येत होतं. सर म्हणाले, होल्डर लूज असेल. मग म्हणाले, ४० चा आधी लावलास, त्याने करंट ओढून घेतला. कळ बंद करून त्यांनी स्वतःच बल्ब अदलाबदल केले. पुन्हा तेच! (२३० व्होल्टचा पुरवठा प्रत्यावर्ती, करंटची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. त्यात 'आधी' कोण आणि 'नंतर' कोण?)

काचेवर छापलेले १०० वॅट त्या बल्बला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरच खरे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट केलं की रोध मिळतो: १०० चा ५२९ ओहम, ४० चा १३२२ च्या आसपास. एकसर जोडल्यावर दोघांतून करंट एकच, साधारण ०.१२ अँपिअर. मग ज्याचा रोध जास्त त्याच्यात जास्त शक्ती: ४० च्या वाट्याला २० वॅट, १०० च्या वाट्याला जेमतेम ८.

ज्याच्या नावावरून रोधाचं एकक आलं तो जॉर्ज ओहम स्वतः शाळामास्तर होता. व्होल्ट, करंट आणि रोध यांचं नातं त्याने १८२७ साली मांडलं, ते जर्मनीतल्या लोकांना सुरुवातीला पटलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. मला कोणी पदक दिलं नाही, पण चौदा वर्षं थांबावंही लागलं नाही.

दुसरा प्रश्न सोपा आहे. समांतर रोध म्हणजे करंटला आणखी एक वाट. जुन्या वाटेवरचा करंट आहे तेवढाच राहतो, नवीन वाटेचा त्यात मिळतो. व्होल्ट तेच, एकूण करंट वाढला, म्हणून एकूण रोध घटला. १० ओहमचे दोन लावले की ५.

हो, एक राहिलं. वरचे आकडे ढोबळ आहेत. तार थंड असली की रोध बराच कमी असतो, त्यामुळे १०० चा बल्ब प्रत्यक्षात ८ वॅटही घेत नाही. हे सगळं जुन्या तारेच्या बल्बचं, एलईडीवर करून बघू नका. आणि घरच्या विजेवर तर मुळीच नको. बॅटरीचे सेल आणि टॉर्चचे बल्ब पुरेत.

तुमचे शिक्षक 'करंट वापरला जातो' म्हणत असतील तर तोंडी वाद घालू नका. बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ॲमीटर (करंट मोजायचं यंत्र) एकसर लावा आणि दोन्ही आकडे त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मी ते केलं नाही. सर "तास संपला" म्हणाले आणि खडू-डस्टर घेऊन निघून गेले.