लेकीला सारखी ‘उन्हाळी’ लागते

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची, दुसरीत आहे. गेल्या ६ महिन्यांत तिला दोनदा लघवीला जळजळ झाली. दर दहा मिनिटांनी पळते, थेंब थेंब होते, रडते. बंद झालेलं अंथरूण ओलं करणंही परत सुरू झालं. ताप नव्हता. सासूबाई म्हणतात, उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी दे. पहिल्या वेळी दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध थांबवलं. या वेळी लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) २५-३० आल्या, औषध चालू आहे. किडनीवर परिणाम होईल का? पुढे लग्नानंतर काही अडचण? माझंच स्वच्छतेकडे दुर्लक्ष झालं का, हे मनातून जात नाही. सकाळी सातला तिची रिक्षा येते, घरी यायला दीड वाजतो. डबा संपवते, पण पाण्याची बाटली भरलेलीच परत आणते.
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, दुर्लक्ष करणारी आई पाण्याच्या बाटलीकडे बघत नाही. तुम्ही बघितलंत, आणि माझ्या मते तुमच्या लेकीच्या दुखण्याचं मूळ बरंचसं त्या बाटलीत आहे.

लघवीच्या मार्गाचा हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. तो तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच आतड्यात असतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड आणि शी-शूच्या जागा जवळजवळ, त्यामुळे तो सहज वर चढतो. चढला तरी दर दोन-तीन तासांनी होणारी लघवी त्याला धुऊन बाहेर काढते. ७ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिली लघवी मावते. (वयात १ मिळवायचा आणि ३०ने गुणायचं, असा आमचा ढोबळ हिशेब.) आता सात ते दीड मोजा. साडेसहा तास ती पाणी पीत नाही आणि बहुधा लघवीलाही जात नाही. तुंबलेल्या लघवीत जंतूंना वाढायला भरपूर वेळ मिळतो.

माझ्याकडे अशा मुली आल्या की मी आईला जरा थांबवते आणि मुलीलाच विचारते, “शाळेत शूला जातेस का गं?” बहुतेक जणी मान हलवतात, नाही म्हणून. एकीनं सांगितलं होतं, “दाराला कडीच नाही.” ती तिसरीत होती. तिच्या फाइलमध्ये वर्षभरातल्या तीन अँटिबायोटिक्सच्या चिठ्ठ्या होत्या आणि कडीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा पहिल्या खेपेला विचारलं नव्हतं. ते मला आजही लागतं.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते आणि संसर्ग नसतानाही जळजळते. ती उन्हाळी दोन-चार पेले पाण्यानं उतरते. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल द्या, पण त्यानं जंतू मरत नाहीत. शिवाय जंत झाले असले, किंवा साबणानं ती जागा लाल झाली असली, तरी मूल असंच रडतं. म्हणून तपासणी हवीच.

पस सेल्स वाढलेल्या दिसल्या तरी जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे कळत नाही. ते लघवीच्या कल्चरमधून (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीतून) कळतं आणि त्याला दोनेक दिवस लागतात. आत्ताचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत पूर्ण द्या, बरं वाटलं तरी. पुन्हा त्रास झालाच, तर औषधाचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी लघवी द्या. जागा साध्या पाण्यानं धुवायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धार लॅबच्या निर्जंतुक बाटलीत धरायची. तासाभरात पोचवता येत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. उघड्यावर राहिली तर जंतू बाटलीतच वाढतात आणि अहवाल फसवा येतो.

किडनीबद्दल : ताप नसलेला, मूत्राशयापुरता संसर्ग सहसा किडनीला इजा करत नाही. हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र संसर्ग वर गेलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघू नका. (घरात तान्हं बाळ असेल तर सर्दी-खोकला नसताना आलेल्या तापात त्याची लघवी तपासायला सांगा, ते जळजळ सांगू शकत नाही.) हा दुसरा प्रसंग आहे, म्हणून किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या, लघवी करण्याआधी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळा. त्यात सुई नाही, दुखत नाही. काही मुलांमध्ये लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाते. तशी शंका आली तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील, एरवी त्यांची गरज नसते. आणि लग्नाची काळजी आत्ताच मनातून काढा. मूत्राशयाच्या या दुखण्यानं पुढे मूल होण्यात अडचण येत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते, तिला शी कशी होते? खड्यासारखी, दोन-तीन दिवसांनी? भरलेला मलाशय मूत्राशयाला पुढे दाबतो, मग लघवी पूर्ण सुटत नाही, थोडी मागे राहते. निव्वळ बद्धकोष्ठ बरं केल्यावर ज्यांचा संसर्ग थांबला अशा कितीतरी मुली मी पाहिल्यात. पेरू, पपई, पालेभाजी-भाकरी वाढवा, बिस्किटं कमी करा. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. पाय लोंबकळत असले की मुलं अंग आवळून बसतात. शू झाल्यावर लगेच उठू देऊ नका, जरा थांबून पुन्हा करायला सांगा. धुताना हात पुढून मागे.

केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. आपल्याकडेही प्रत्येक शाळेत ती वाजावी असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या : ‘हिला तास चालू असतानाही लघवीला जाऊ द्यावे.’ वर्गाच्या बाईंना ती स्वतः नेऊन द्या, आणि त्याच फेरीत मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नळाला पाणी आहे का, कडी लागते का, हे हातानं लावून बघा.