तमाशाच्या फडासोबत महिनाभर फिरायचं असेल तर काय तयारी ठेवावी?

तुम्ही नाट्यशास्त्र शिकताय आणि मराठवाड्यात एखाद्या फडाबरोबर महिनाभर फिरायचं म्हणताय. मी काही हंगाम एका फडाच्या तिकीट खिडकीवर आणि सुपाऱ्यांच्या, म्हणजे ठरवून घेतलेल्या खेळांच्या, वहीवर काढलेत, बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, कधी चढलो नाही. तेव्हा गण, गौळण, वग या तमाशाच्या भागांचं तुम्हाला दुसरं कुणी सांगेल. मी फिरस्तीचं सांगतो.

आधी वेळ बघा. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास उठतो. चैत्रात मात्र येऊ नका. तेव्हा पुणे-नगरकडच्या यात्रांच्या सुपाऱ्या असतात. रोज नवं गाव, रात्री खेळ, सकाळी हजेरीचा खेळ, तो उरकला की गाड्या भरा. तुमच्याशी बोलायला कुणाला सवड? त्यापेक्षा मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला या. खंडोबाची यात्रा असते, घोडे-गाढवं-उंटांचा बाजार भरतो आणि फडांच्या कनाती शेजारी शेजारी पडतात. मुक्काम काही दिवसांचा, त्यामुळं माणसं निवांत सापडतात. थंडी मात्र मजबूत. हलगीचं कातडं सैल पडून आवाज उतरतो, म्हणून हलगीवाला खेळाआधी शेकोटीशी बसून ती आळीपाळीनं दोन्ही अंगांनी शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, परत शेकतो. मनासारखा आवाज निघेपर्यंत मालकानं हाक मारली तरी उठत नाही.

सुपारी असली की गावची यात्रा कमिटी ठरलेली रक्कम देते आणि खेळ सगळ्यांना फुकट. तिकिटावर लावायचा तर कनात ठोका, भोंग्याची गाडी आसपासच्या गावांत फिरवा आणि संध्याकाळी खिडकीत बसून वाट बघा. मराठवाड्यात आमचा बहुतेक धंदा तिकिटाचाच. खिडकीत बसलं की मुलखात पैसा आहे की नाही ते लगेच कळतं. दिवाळीनंतर बीडकडं खेळ लावावा, तर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेलेल्या, गावात म्हातारी माणसं नि लेकरं. म्हणून कापूस, सोयाबीन ज्या पट्ट्यात विकून झालंय, तिकडं ट्रक वळवायचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. आमच्या खिडकीला तो दुष्काळ आधीच्या मार्गशीर्षातच कळला होता. लोक कनातीपर्यंत यायचे, बाहेर उभं राहून ढोलकी ऐकायचे आणि घरी जायचे.

आता उचल. हंगामाआधी कलावंत मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि मालकानं बहुतेक वेळा ती सावकाराकडून आणलेली असते. मग दोघंही बुद्ध पौर्णिमेपर्यंत फेडत बसतात. अंगात ताप असला तरी चाळ बांधावे लागतात ते त्यापायीच. तमाशातल्या नामवंत कलावंत विठाबाई नारायणगावकर पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट लोक फार कौतुकानं सांगतात. बाईला एक रात्र सुट्टी न देणारा धंदा त्यात कुणाला कसा दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

बाकी झोप विसरा. ट्रकमध्ये पेट्या, पेट्यांवर कनातीच्या गुंडाळ्या, त्यावर माणसं. मोठ्या फडात शंभरावर माणूस असतो, त्यामुळं गावात उतरलं की पहिली चौकशी पाण्याची. पूर्वी खेळ पहाटेपर्यंत चालायचा. भोंग्याला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून परवानगीसाठी पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतात, आणि खेळ अर्ध्यात बंद झाला की दगड खायची वेळ फडावर येते.

अंथरूण-पांघरूण आपलं आपण आणा. बायकांच्या राहुटीकडं मोबाईल रोखू नका, विचारूनसुद्धा नको. उचलीचं कुणाला पहिल्या आठवड्यात विचारू नका. आणि कॉलेजचं पत्र वगैरे दाखवत बसण्यापेक्षा मालकाला सरळ सांगा की हाताखाली राहतो. कनात ठोकायला गडी कायम कमीच पडतो. दोन वेळची भाकरी मिळेल, पैशाचं काढू नका.